घराचं काम काढलंय? मग राडारोड्याचं आधी ठरवा : अंदाज, गाडी, कंटेनर आणि काट्याची पावती

फ्लॅटचं काम काढायचं ठरलं की टाइल्स बघण्यात, नळ निवडण्यात, किचनच्या ओट्याचा दगड ठरवण्यात आठवडे जातात. जुन्या टाइल्स, कोबा आणि भिंतीच्या विटा कुठे जाणार, हे मात्र तोडफोड सुरू झाल्यावर आठवतं. तोवर जिन्यात गोण्यांची रांग लागलेली असते, सेक्रेटरींचा फोन आलेला असतो आणि मुकादम मिळेल ती गाडी बोलावून मोकळा होतो. मग ती गाडी कुठे रिकामी झाली, हे कुणी विचारत नाही.

मुंबईत त्याला डेब्रिज म्हणतात, पुण्यात राडारोडा. नाव काहीही असो, मुंबई-ठाण्याच्या खाडीकाठची कांदळवनं आणि पुण्यातली मुळा-मुठेची पात्रं ज्या भरावाने आक्रसत चालली आहेत, त्यात आपल्या घरांतून निघालेला हा मालही आहे. मोठ्या बिल्डरांच्या डंपरांवर निदान कुणाची तरी नजर असते. तिसऱ्या मजल्यावरच्या एका फ्लॅटमधून निघालेल्या दोन-तीन गाड्यांकडे कुणाचंच लक्ष नसतं. ते लक्ष घरमालकानेच ठेवायचं. पुढचं सगळं मार्गदर्शन एका सूत्रावर उभं आहे: पूर्ण पैसे गाडी भरून गेल्यावर द्यायचे नाहीत, ती योग्य जागी रिकामी झाल्यावरच द्यायचे.

पायरी १ : किती निघणार, याचा अंदाज तोडण्याआधीच काढा

हा भाग सगळ्यात महत्त्वाचा आहे आणि सगळ्यात जास्त टाळला जातो. अंदाज नसला की गाडीवाला सांगेल तितक्या फेऱ्या मान्य कराव्या लागतात. मोजपट्टी आणि कागद घेऊन बसलात तर अर्ध्या तासात काम होतं. माझ्या हिशेबाचे आकडे असे:

- भिंतीवरची टाइल (डॅडो), मागच्या सिमेंट-वाळूच्या मसाल्यासकट : चौरस फुटाला साधारण ५ किलो
- जमिनीवरची टाइल, खालच्या मालासकट : चौरस फुटाला ९ ते १० किलो
- बाथरूमच्या खोलगट स्लॅबमधला विटांच्या तुकड्यांचा कोबा : घनफुटाला सुमारे ५० किलो
- चार इंची विटांची भिंत, दोन्ही बाजूंच्या गिलाव्यासकट : चौरस फुटाला २२ ते २३ किलो
- तेवढ्याच जाडीची हलक्या ब्लॉकची (एएसी) भिंत : याच्या साधारण निम्मं

आता नेहमीचं ५ बाय ७ फुटांचं बाथरूम घ्या. भिंतींची एकूण लांबी २४ फूट. सात फूट उंचीपर्यंत टाइल्स असतील आणि दरवाजा वजा केला, तर १५० चौरस फूट डॅडो होतो. म्हणजे सुमारे पाऊण टन. जमीन ३५ चौरस फूट, तिचे सव्वातीनशे किलो. एकूण १.१ टन. पण गळती आहे म्हणून खालचा फूटभर कोबाही काढायचा असेल, तर ३५ घनफूट कोब्याचे पावणेदोन टन धरावे लागतात आणि तेच बाथरूम पावणेतीन टनांवर जातं. मिस्त्री सहज विचारतो, ‘‘कोबा पण काढू का?’’ त्या एका प्रश्नाने गाडीचा हिशेब दुपटीहून जास्त होतो. त्यामुळे त्याचं उत्तर गाडी ठरवण्याआधी तयार हवं.

दहा फूट लांब आणि नऊ फूट उंच अशी मधली एक विटांची भिंत पाडली तर दोन टन. साडेपाचशे चौरस फुटांचं फ्लोअरिंग उखडलं तर पाच टनांच्या वर. दोन बाथरूम (एकात कोबा काढणार, दुसऱ्यात नाही), एक भिंत आणि सगळं फ्लोअरिंग असं दोन बेडरूमच्या फ्लॅटचं काम असेल, तर एकूण माल ११ टनांच्या आसपास जातो.

आपल्याकडे गाडीवाले ब्रासमध्ये बोलतात. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. फोडलेला माल फुगतो, मध्ये पोकळ्या राहतात, म्हणून भिंतीत असताना जेवढी जागा व्यापली होती त्याच्या दीडपट जागा तो गाडीत घेतो. असा सुटा राडारोडा एका ब्रासला साधारण साडेतीन ते चार टन भरतो. म्हणजे वरचे ११ टन तीन ब्रास झाले. सिमेंटच्या रिकाम्या गोणीत उचलण्याजोगा माल भरला तर ३५ किलोच्या आसपास बसतो. त्या हिशेबाने तीनशेहून जास्त गोण्या होतात. तीनशे गोण्या तिसऱ्या मजल्यावरून जिन्याने खाली आणायच्या आहेत, हे एकदा कागदावर दिसलं की मजुरीचा दर, कामाचे दिवस आणि शेजाऱ्यांशी करायचं बोलणं या सगळ्याकडे माणूस वेगळ्या नजरेने बघतो.

पायरी २ : आधी काय वेगळं काढायचं

हातोडा पडण्याआधी एक दिवस फक्त सुट्टं करण्यासाठी ठेवा. दरवाजे, चौकटी, ॲल्युमिनियमच्या खिडक्या, पितळी नळ, ग्रील, तांब्याच्या वायरी भंगारवाला पैसे देऊन घेऊन जातो. धड कमोड आणि बेसिन मुकादमाला विचारा. त्याच्या ओळखीत घराचं काम चाललेलं कुणीतरी असतंच. शहाबादी किंवा कोटा फरशी न फोडता निघाली तर तिलाही गिऱ्हाईक मिळतं. जुन्या चुन्याच्या बांधकामातल्या विटा सहज सुट्या होतात. त्या रचून ठेवा, बागकामाला आणि कुंपणाला लोक मागून नेतात.

उरलेल्या मालात विटा, काँक्रीट, मसाला आणि टाइल्स एकत्र चालतात, पण पुढच्या गोष्टी त्यात पडू देऊ नका:

फॉल्स सीलिंगचं पीओपी आणि जिप्समचे बोर्ड वेगळ्या गोण्यांत भरा. प्रक्रिया केंद्रात माल फोडून त्याची खडी आणि वाळू करतात. त्यात जिप्सम मिसळलं की पुढचं सिमेंटकाम बिघडतं. रंगाचे अर्धे डबे, थिनर, ट्यूबलाइट आणि जुनी इलेक्ट्रिक उपकरणं राडारोड्यात जात नाहीत. थर्माकोल, प्लायवूडचे तुकडे, पॅकिंगचे खोके हेही नाही.

जुन्या पन्हळी सिमेंटच्या पत्र्यांबद्दल जरा जास्त सांगायला हवं. गॅलरीवर, गच्चीवरच्या शेडवर, बैठ्या घरांवर असतात ते. जुन्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉसचे तंतू असतात. पत्रा फोडला की ते हवेत जातात आणि फुप्फुसात कायमचे बसतात. हे पत्रे हातोड्याने फोडून गोणीत भरायचे नाहीत. पाणी मारून ओले करायचे, नटबोल्ट काढून अखंड उतरवायचे, जाड प्लॅस्टिकमध्ये गुंडाळायचे आणि ते कुठे द्यायचे हे महापालिकेच्या घनकचरा विभागाला विचारूनच हलवायचे. बिगारी मास्क नको म्हणेल. त्या दिवसापुरतं त्याचं ऐकू नका.

पायरी ३ : सोसायटी, वॉर्ड ऑफिस आणि कागद

सोसायटीला कामाचा अर्ज देताना त्यात राडारोड्यासाठी वेगळा परिच्छेद लिहा: माल कोणत्या वेळेत खाली आणणार, कुठे ठेवणार, किती तासांत उचलणार. बहुतेक सोसायट्या लिफ्टमधून माल नेऊ देत नाहीत आणि ते बरोबर आहे. सिमेंटची बारीक धूळ दरवाजाच्या खाचेत बसली की लिफ्ट बंद पडते. कुठल्या पार्किंगच्या कोपऱ्यात गोण्या ठेवायच्या, हे कमिटीकडून लेखी घ्या. तोंडी परवानगी वॉचमन बदलला की संपते.

कायद्याच्या बाजूने थोडक्यात सांगायचं तर, केंद्र सरकारच्या २०१६ च्या बांधकाम व पाडकाम कचरा नियमांनी एक गोष्ट स्पष्ट केली: ज्याच्या कामातून कचरा निघतो, तो गोळा करणं, वेगळा करणं आणि जमा करणं ही पहिली जबाबदारी त्याचीच. रस्त्यावर, गटारात, वाहतुकीला अडथळा होईल असा तो टाकता येत नाही. दिवसाला २० टन किंवा एका प्रकल्पातून महिन्याला ३०० टनांहून जास्त कचरा निघणार असेल, तर काम सुरू करण्याआधी महापालिकेकडून व्यवस्थापन आराखडा मंजूर करून घेण्याची अट त्यात आली. २०२५ मध्ये केंद्राने नवे नियम जाहीर केले आणि ते १ एप्रिल २०२६ पासून लागू होतील असं ठरवलं. त्यांचा मोठा भार २० हजार चौरस मीटर आणि त्यावरच्या प्रकल्पांवर आहे. फ्लॅटमालकाला आराखडा द्यावा लागत नाही, पण माल कुठे गेला याची जबाबदारी त्याच्यावरही येते. ‘कॉन्ट्रॅक्टरने टाकला, मला माहीत नाही’ या उत्तराने ती सुटत नाही.

पायरी ४ : गाडी की कंटेनर की पालिकेची सेवा

पहिला फोन पालिकेला करा. मुंबईत महापालिकेची ‘डेब्रिज ऑन कॉल’ सेवा आहे. घरगुती दुरुस्तीचा थोडा माल, ५०० किलोपर्यंत, ती मोफत उचलते आणि त्यापुढे टनाप्रमाणे पैसे घेते. नोंदणी करण्याआधी दर आणि मर्यादा वॉर्ड ऑफिसमध्ये पुन्हा विचारून घ्या, कारण त्या बदलतात. मुंबईच्या मालासाठी दोन प्रक्रिया केंद्रं आहेत. पश्चिम उपनगरांसाठी दहिसरच्या कोकणीपाड्याला, आणि शहर व पूर्व उपनगरांसाठी शिळफाट्याजवळ. प्रत्येकाची क्षमता दिवसाला ६०० टन. पुणे महापालिकेचं केंद्र वाघोलीला, पिंपरी-चिंचवडचं मोशीला आणि नवी मुंबईचं तुर्भ्याला आहे. तुमच्या भागात माल कुठे स्वीकारतात, जवळ संकलनाची जागा आहे का, हे क्षेत्रीय कार्यालयातले आरोग्य निरीक्षक सांगतात. त्यांचा नंबर घरात लिहून ठेवा. घंटागाडीवाल्यांना ‘दोन गोण्या घ्या हो’ म्हणून गळ घालू नका. ओल्या-सुक्या कचऱ्यात दगडविटा गेल्या की पुढची सगळी छाननी बिघडते आणि त्रास त्या गाडीवरच्या माणसांना होतो.

खासगी गाडी घ्यायची झाली तर वजनाप्रमाणे घ्या, आकाराप्रमाणे नाही. राडारोडा जड असतो, गाडी भरलेली दिसण्याआधीच तिची मर्यादा संपते. छोटा हत्ती पाऊण टनाचा. त्यात विसेक गोण्या बसवायच्या आणि थांबायचं. पिकअप दीड टनापर्यंत, ४०७ टेम्पो दोन-सव्वादोन टन. सहा चाकी डंपर दोन ते अडीच ब्रास नेतो, दहा चाकी हायवा चार-पाच. कोबा काढायचा नसेल तर एका बाथरूमला पिकअप पुरते. पूर्ण फ्लॅटला छोट्या गाड्यांच्या सात-आठ फेऱ्यांपेक्षा डंपरच्या दोन फेऱ्या स्वस्त पडतात, पण डंपर गल्लीत वळला पाहिजे आणि दिवसा अवजड वाहनांना त्या रस्त्यावर बंदी नसली पाहिजे. तालुक्याच्या गावात ट्रॅक्टरची ट्रॉली हाच सोयीचा मार्ग. ती सुमारे एक ब्रासची असते.

कंटेनर, म्हणजे जागेवर ठेवून जायचा मोठा लोखंडी डबा, आपल्याकडे अजून सर्रास मिळत नाही. मुंबई-पुण्यात काही वाहतूकदार देतात. एका फ्लॅटसाठी तो बहुधा लागत नाही. पण रो-हाऊस, बंगला, वाडा, किंवा एकाच वेळी सोसायटीतल्या पाच-सहा घरांचं प्लंबिंग बदलणं, अशा कामात तो फार उपयोगी पडतो. माल जसा निघेल तसा त्यात जातो, अंगणात ढीग पडत नाही आणि गोण्या भरण्याची मजुरी वाचते. घ्यायचा ठरला तर हे बघा:

आकार मोठा घेऊन फायदा नाही. सहा घनमीटरचा, म्हणजे दोन ब्रासचा डबा विटा-काँक्रीटने भरला तर आठ टन होतो. त्याहून मोठा डबा काठोकाठ भरला की उचलणारी गाडीच नकार देते आणि मग अर्धा माल हाताने बाहेर काढावा लागतो. काठाच्या वर माल दिसता कामा नये. भाड्यात किती दिवस धरलेत, वजनाची मर्यादा काय, जास्तीच्या दिवसाचे आणि जास्तीच्या टनाचे किती, हे आधी विचारा. मागचं दार उघडणारा डबा मिळाला तर ढकलगाडी सरळ आत जाते. तसाच मागा.

जागा निवडताना जमिनीखाली काय आहे ते बघा. आपल्या सोसायट्यांत आवारातच पाण्याची भूमिगत टाकी असते, ड्रेनेजचे चेंबर असतात, बंगल्यात सेप्टिक टँक असतो. भरलेला डबा आणि तो उचलणारी गाडी मिळून वीस टनांच्या घरात वजन होतं. टाकीच्या स्लॅबवर ते येऊ देऊ नका. चाकांखाली आणि डब्याखाली जाड फळ्या टाका, नाहीतर पेव्हर ब्लॉक फुटतात. वर विजेच्या तारा आणि झाडाच्या फांद्या बघा, कारण डबा उचलताना गाडीचा हात वर जातो. अग्निशमनाची गाडी आत यायची वाट मोकळी राहिली पाहिजे. आवारात जागाच नसेल आणि रस्त्यावर ठेवायचा असेल तर वॉर्ड ऑफिसची परवानगी लागते. संध्याकाळी काम थांबलं की ताडपत्री बांधा. उघड्या डब्यात रात्रीतून जुन्या गाद्या, झाडाच्या फांद्या, कुणाचा तरी कमोड येऊन पडतो. तो मिश्र माल प्रक्रिया केंद्र घेत नाही किंवा जास्त पैसे मागतं, आणि बिल तुमच्या नावावर येतं.

पायरी ५ : दर ठरवताना विचारायचे प्रश्न

दर शहरागणिक, मजल्यागणिक आणि अंतरागणिक बदलतो, म्हणून निदान तीन जणांना विचारा. एकालाच विचारलं तर दर महाग आहे की संशयास्पद स्वस्त, हे कळत नाही. दर फेरीवर आहे, ब्रासवर की टनावर? हमाली धरून की वेगळी, आणि हमाली मजल्याप्रमाणे का? केंद्रावरचे पैसे आणि टोल कुणाचा? जिन्याची आणि आवाराची झाडलोट कोण करणार?

आणि शेवटी हा प्रश्न: ‘‘गाडी कुठे खाली करणार?’’

उत्तरात जागेचं नाव आलं पाहिजे. ‘‘आहे आमची जागा’’, ‘‘भरावाला लागतो एकाला’’, ‘‘तुम्ही कशाला काळजी करता’’ ही उत्तरं ऐकली की पुढचा नंबर लावा. दोन दरांत मोठा फरक असेल तर तो बहुतेक वेळा इथूनच येतो. केंद्रापर्यंतचं डिझेल आणि तिथले पैसे वाचवायचे असतील तर माल खाडीत, नाल्याच्या कडेला किंवा टेकडीच्या पायथ्याशी रात्री टाकला जातो. तुम्हाला मिळालेली सूट म्हणजे तेच वाचलेले पैसे. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये राज्यभरातल्या कांदळवनांच्या तोडीवर आणि तिथल्या भरावावर बंदी घातली. तरी रात्रीचे डंपर थांबलेले नाहीत, म्हणून नवी मुंबई महापालिकेला डेब्रिजविरोधी भरारी पथक ठेवावं लागतं.

भराव सरसकट वाईट आहे असं मात्र नाही. गावाकडे घराच्या जोत्यात, शेतरस्त्यावर स्वच्छ विटा-काँक्रीटचा माल वापरला जातो आणि तो चांगला वापर आहे. तसं देणार असाल तर जागामालकाशी स्वतः बोला, जागा बघा आणि नाला, ओढा, पाणथळ किंवा निळ्या पूररेषेच्या (नदीच्या पुराची आखून दिलेली हद्द) आतली जमीन नाही याची खात्री करा. लाकूड, प्लॅस्टिक, जिप्सम काढूनच द्या.

ठरलेलं सगळं व्हॉट्सॲपवर लिहून पाठवा आणि समोरून ‘ओके’ येऊ द्या. मजकूर असा असू शकतो:

‘‘नमस्कार. आपलं ठरल्याप्रमाणे: तिसऱ्या मजल्यावरून गोण्या उतरवणं, भरणं, वाहतूक आणि केंद्रावरचे पैसे धरून दर टनाला … रुपये. माल मोशीच्या केंद्रावरच खाली होईल. प्रत्येक फेरीची केंद्रावरच्या वजनकाट्याची पावती गाडी नंबरसह त्याच दिवशी पाठवाल. निम्मे पैसे गाडी भरल्यावर, उरलेले पावती आल्यावर. गाडीवर ताडपत्री बांधलेली असेल.’’

चांगला गाडीवाला याला हरकत घेत नाही, त्याला पावती मिळतेच. उलट पुढच्या कामाला तो तुम्हाला आठवणीने फोन करतो.

पायरी ६ : तोडफोडीच्या दिवसांत

रिकाम्या गोण्या आधीच आणून ठेवा, अंदाजाच्या सव्वापट. फाटक्या गोण्या एकात एक घाला. गोणी पाऊण भरायची आणि तोंड बांधायचं. काठोकाठ भरलेली गोणी जिन्यात सुटते आणि बिगाऱ्याच्या पाठीचं नुकसान होतं. टाइलच्या धारदार कडा आतल्या बाजूला ठेवा. हातमोजे आणि धुळीचा मास्क द्या. दगड-टाइलच्या धुळीतली सिलिका रोज छातीत जाणाऱ्या माणसाला सिलिकोसिस होतो आणि त्यावर खात्रीचा उपचार नाही.

आता एक गोष्ट जी मी प्रत्येक घरमालकाला कामाच्या पहिल्या दिवशी सांगतो. तोडलेला माल हॉलच्या मधोमध ढिगाने ठेवू देऊ नका. राहत्या घरांचे स्लॅब भारतीय मानकांनुसार चौरस मीटरला साधारण २०० किलो वापराचा भार धरून आखतात. सुट्या राडारोड्याचा गुडघाभर ढीग चौरस मीटरला सहाशे-साडेसहाशे किलो होतो, म्हणजे तिप्पट. जुन्या इमारतीत, जिथे स्लॅबची सळई आधीच गंजलेली असते, तिथे हा ढीग खालच्या घराच्या छताला तडा देऊ शकतो. गोण्या एकाच थरात, पसरून, भिंतीच्या कडेने जिथे खाली बीम आहे तिथे ठेवा. दुसरा थर चढला की मर्यादा ओलांडली. गॅलरीत तर नकोच, ती एका बाजूने आधाराविना असते. म्हणूनच तोडफोड आणि गाडी यांचं वेळापत्रक जोडून घ्या. सकाळी जेवढं फोडाल तेवढं संध्याकाळी खाली गेलं पाहिजे. सगळं फोडून मग एकदम उचलू, हा हिशेब वरच्या मजल्यावर चालत नाही.

माल वरून खाली टाकायचा नाही. जाळी बांधली तरी नाही. मोठं काम असेल तर प्लॅस्टिकच्या पिंपांची जोडलेली नळी भाड्याने मिळते, तिचं खालचं तोंड डब्यात किंवा गाडीत सोडतात. धूळ बसण्यापुरतं पाणी शिंपडा. जास्त पाणी मारलं तर माल जड होतो, आणि टनाप्रमाणे पैसे देत असाल तर पाण्याचेही पैसे मोजाल. बाथरूम फोडण्याआधी नहाणीची जाळी आणि कमोडचा पाइप चिंधी कोंबून, वर टेप लावून बंद करा. त्यात विटेचा एक तुकडा गेला तरी खालच्या सगळ्या मजल्यांचं पाणी तुंबतं.

पावसाळ्यात काम असेल तर गोण्या उघड्यावर ठेवू नका. वाहून गेलेला मसाला पावसाळी गटारात जाऊन घट्ट होतो, मग ते गटार फोडल्याशिवाय मोकळं होत नाही.

पायरी ७ : गाडी भरताना आणि गेल्यावर

गाडी आली की नंबरप्लेटसह भरलेल्या गाडीचा फोटो काढा. गोण्या मोजा, आकडा त्याच फोटोखाली लिहा. ताडपत्री बांधल्याशिवाय गाडी गेटबाहेर सोडू नका. मुंबई महापालिकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये हवेच्या प्रदूषणासाठी जी नियमावली काढली, त्यात राडारोड्याची गाडी झाकलेली असणं आणि चाकं धुऊनच बाहेर पडणं या अटी आहेत.

काट्याच्या पावतीवर चार गोष्टी जुळवून बघा: तारीख-वेळ, गाडीचा नंबर, भरलेल्या आणि रिकाम्या गाडीचं वजन, आणि केंद्राचं नाव. भरलेल्यातून रिकामं वजा केलं की तुमचा माल. १०० गोण्या गेल्या असतील तर साडेतीन टनांच्या आसपास आकडा हवा. पाच टन दिसले तर एकतर गाडीत आधीचा माल होता, किंवा पावती दुसऱ्या फेरीची आहे. खासगी वजनकाट्याची पावती फक्त वजन सांगते, माल कुठे रिकामा झाला ते सांगत नाही. त्यामुळे केंद्राचीच मागा.

त्या केंद्रांवर मालाचं काय होतं, हेही बघण्यासारखं आहे. लोखंड चुंबकाने ओढून काढतात, माती आणि हलका कचरा वेगळा करतात, उरलेलं फोडून, धुऊन, चाळून खडी आणि वाळू करतात. त्यातून पेव्हर ब्लॉक आणि फुटपाथच्या कडेचे दगड बनतात. भारतीय मानक आयएस ३८३ च्या २०१६ च्या आवृत्तीने काँक्रीटपासून बनलेली अशी खडी साध्या काँक्रीटमध्ये २५ टक्क्यांपर्यंत आणि सळईच्या काँक्रीटमध्ये, एम २५ या ताकदीच्या ग्रेडपर्यंत, २० टक्क्यांपर्यंत वापरायला मान्यता दिली. तुमच्या बाथरूमचा माल जिप्सम आणि प्लायवूडशिवाय तिथे पोचला, तर तो कुठल्यातरी सोसायटीच्या आवारात ब्लॉक होऊन बसतो आणि तेवढी खडी डोंगर फोडून आणावी लागत नाही.

सगळ्या पावत्यांची एक प्रत सोसायटीला द्या आणि दुरुस्तीसाठी ठेवलेली अनामत परत मागताना अर्जाला जोडा. सोसायटीच्या कमिटीत असाल तर एक ठराव जरूर मांडा: केंद्राच्या पावत्या आल्याशिवाय अनामत परत नाही. वेगळा खर्च नाही, वेगळा माणूस नाही, आणि पुढच्या प्रत्येक फ्लॅटच्या कामाला ही शिस्त आपोआप लागते.

परिसरात कुणी रात्री माल टाकताना दिसलं तर गाडीच्या अंगावर जाऊ नका. लांबून नंबर टिपा, जागा आणि वेळ लिहा. मुंबईत १९१६ वर, पुण्यात महापालिकेच्या पीएमसी केअरवर तक्रार करा आणि तक्रार क्रमांक जपून ठेवा.

राहता राहिल्या शेवटच्या गोण्या. मुख्य गाडी गेल्यावरही प्लंबरने पाइपसाठी भिंतीत पाडलेल्या झिरीचे तुकडे, नव्या टाइल्सच्या कापलेल्या पट्ट्या, घासलेली पुट्टी असा दहा-पंधरा गोण्या माल रंगकाम संपेपर्यंत साठतोच. त्या गोण्या कॉन्ट्रॅक्टर हमखास जिन्याखाली सोडून जातो. त्याच्याशी ठरवतानाच शेवटच्या छोट्या हत्तीची एक फेरी आणि तिची पावती धरून ठेवा, आणि त्याचा शेवटचा हप्ता त्या पावतीवर ठेवा. मुंबईत असाल तर एवढ्या मालाला पालिकेची मोफत सेवाच पुरते.